के-सातच्या गावी

नेसरीला चालले आहे म्हटल्यावर पुण्यात ज्याने त्याने मला एकच प्रश्न विचारला, "खिंड बघायला?" इतिहासाच्या पुस्तकातली, सात मराठे वीर दौडले ती खिंड तिथून जवळ आहे, हे मलाही ठाऊक होतं. कुणाला मी हो म्हटलं, कुणाला नुसतीच मान हलवली. खरं कारण सांगायला बसले असते तर समोरच्याचा चहा गार झाला असता. आता परत येऊन बरीच वर्षं झालीत, आणि ज्यांना तेव्हा सांगितलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खिंड काही पाहून झाली नाही, ते आधीच सांगून टाकते.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. कुणी अंगणात शेवंती वाढवतं, मी चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवते. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी पडलेली, वीतभर लांबीची एक ग्रंथी. ती धडधाकट असते तोवर तिचं नाव कुणाला माहीत नसतं, आणि तिला कर्करोग झाल्याचं कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ही गोष्ट दोन हजारच्या दशकाच्या शेवटाची. त्या सुमाराला आमच्या क्षेत्रात एका नव्या विचाराने डोकं वर काढलं होतं. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात, त्यांत मूठभर पेशी मुळाच्या असतात. औषधाने बाकीच्या मरतात, या मूठभर तगतात, आणि त्यांच्यातून पुन्हा सगळी गाठ उभी राहते. त्यांना कर्करोगाच्या मूळ पेशी म्हणायचं. त्या खरोखर आहेत का, असल्या तर कशा ओळखायच्या, यावर मोठमोठ्या लोकांची तेव्हा भांडणं चालली होती. आम्ही लहान लोक बाटल्या सांभाळत होतो.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा आमच्याकडे यायचा. रुग्णाचं नाव लिहायचं नाही असा नियम, म्हणून के-एक, के-दोन अशी पाटी. पहिल्या सहांच्या पेशींनी आठवड्याभरात मान टाकली. के-सातच्या तगल्या, आणि त्यांत या मुळाच्या पेशी चांगल्या सापडल्या. तीन वर्षं माझं सगळं काम त्यांच्यावर उभं होतं. मग संस्थेच्या नीतिसमितीने नवा नियम काढला. पेशी कायमच्या वाढवायच्या तर वेगळं संमतिपत्र हवं, आणि रुग्ण हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाची सही हवी. के-सातना जाऊन अडीच वर्षं झाली होती. महिनाअखेर सही आली नाही तर सगळ्या बाटल्या नष्ट करायच्या होत्या. आम्ही टपालाने दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. आमचे सर म्हणाले, "तूच जाऊन ये."

त्या दिवशी मला के-सातचं नाव पहिल्यांदा कळलं. मल्लाप्पा, राहणार नेसरी, तालुका गडहिंग्लज.

कोल्हापूर, शनिवार

सकाळी उतरल्या उतरल्या मिसळ खायला गेले. "मध्यम तिखट द्या," म्हटलं. वाढणाऱ्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "मध्यम न्हाय पावणं आमच्यात. तिखट हाय आनि लई तिखट हाय. कुठलं आनू?" मी तिखट घेतली. पहिल्या घासाला कान गरम झाले, तिसऱ्याला डोळे गळायला लागले, आणि सहाव्या घासाला मी आणखी कट मागितला. पुण्यात मिसळीबरोबर दह्याची वाटी मागता येते. इथे ती मागायचं धाडस माझ्याच्याने झालं नाही.

मल्लाप्पांना पुण्याला पाठवणारे डॉक्टर शाहूपुरीतल्या एका बोळात दवाखाना चालवायचे. साठीचे, भरघोस मिशांचे, आवाज असा की बाहेर बसलेल्या सगळ्यांना सगळ्यांचे आजार कळावेत. मला पाहून म्हणाले, "पुण्याच्या तुम्ही, म्हणजे चहा घेऊनच आला असाल." आणि मोठ्याने हसून दोन चहा मागवले.

मल्लाप्पा त्यांना चांगले आठवत होते. "मिरचीचा व्यापार, थोडी शेती. रांगडा माणूस. डोळे पिवळे झाले तर कावीळ उतरवायची माळ डोक्यावर घालून हिंडत होता दोन महिने. माझ्याकडे आला तेव्हा साखरही वर गेलेली. गोड बंद केलं मी, तर माझ्याशी भांडला. शेंगपोळीवाचून जगायचं कसं म्हणाला."

मी संमतिपत्राचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक ऐका. त्या घरात गेल्या गेल्या कागद काढू नका. आधी जेवा. आणि जे बोलाल ते माणसासारखं बोला, प्रयोगशाळेसारखं नको."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"ते तुम्हाला तिथं कळेल," म्हणाले, आणि बाहेरच्या पेशंटला हाक मारली.

एस्टीत, रविवार

कोल्हापूरहून गडहिंग्लजला जाताना मधेच निपाणी लागते आणि आपण कर्नाटकात शिरतो. मैलाच्या दगडांवरचं मराठी जातं, दुकानांच्या पाट्या गोल गोल अक्षरांच्या होतात, आणि गाडीतल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या दोन बायका कागलपासून मराठीत भांडत होत्या. निपाणी गेल्यावर त्या कानडीत भांडायला लागल्या, आणि भांडण कुठेही न अडता पुढे गेलं. पुण्यात दोन भाषा येणारा माणूस आधी त्याचं प्रमाणपत्र दाखवतो.

संकेश्वरला गाडीत मिरचीची पोती चढली. मागच्या सगळ्या मोकळ्या जागेत लाल पोती, आणि दर खड्ड्याला त्यातून उडणारी धूळ. मी शिंकायला लागले ती थांबेचना. शिंकताना मांडीवरची फाइल खाली पडली, संमतिपत्र बाहेर आलं आणि थेट पोत्यावर पडलं. उचललं तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर तळहाताएवढा लाल डाग होता. मी रुमालाने पुसला, तो अजून पसरला. कंडक्टर म्हणाला, "असू द्या की बाई. संकेश्वरी हाय, रंग जात न्हाय तिचा. खिंड बघायला चाललायसा व्हय?"

मी मान हलवली.

नेसरी, रविवार दुपार

स्टँडवर मल्लाप्पांचा मुलगा शिवानंद मोटारसायकल घेऊन उभा होता. तिशीचा, वडिलांच्या जागी आता तोच व्यापार बघणारा. फोनवर मी एवढंच सांगितलं होतं की पुण्याच्या संस्थेतून येते आहे. पत्रांचं विचारलं तर म्हणाला, "आलती की. विंग्रजीत हुती. जाहिरातीचं कायतरी असंल म्हनून ठिवून दिली." आमच्या संस्थेतल्या चार शिकलेल्या माणसांनी ती पत्रं तपासली होती, आणि एकालाही हे सुचलं नव्हतं.

घर कौलारू, नीटनेटकं, आणि समोरच्या अंगणात मिरची वाळत घातलेली. दारात मल्लाप्पांच्या पत्नी नीलव्वा उभ्या होत्या. बुटक्या, ताठ, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. त्यांचं माहेर संकेश्वरचं, त्यामुळे "बर्री, बर्री" म्हणून कानडीत आत बोलावलं आणि पुढचं बहुतेक मराठीत. "ऊटा, जेवान हुईपातूर काय बोलायचं न्हाय. हात धुवा."

जेवणाचं मी लिहिलं नाही तर पाप लागेल. पातळ, पापडासारखी कडक झालेली भाकरी, मिरचीचा खर्डा, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी, दही, आणि शेवटी तुपाबरोबर शेंगपोळी. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि गूळ पोळीत भरतात. आमच्याकडे संक्रांतीला गुळपोळी होते तिची ही थोरली बहीण म्हणायची. मी दोन खाल्ल्या, तिसरी नको म्हटलं, आणि ती ताटात पडली. नीलव्वांनी स्वतः पोळी घेतली नाही. मला वाटलं, पथ्य असेल.

पोट भरलं, माणसं मायाळू, आणि मी डॉक्टरांचा सल्ला अर्धाच पाळला. जेवले, पण माणसासारखं बोलायचं विसरले. पिशवीतून पाकीट काढलं. त्यात सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो होता, गडद पाण्यात तरंगणाऱ्या पेशींच्या गोळ्यांचा. भेट म्हणून आणला होता मी. तो नीलव्वांच्या हातात देऊन, आम्ही सोमवारच्या बैठकीत ज्या आनंदाने सांगतो त्याच आनंदाने मी म्हटलं, "तुमच्या मालकांच्या पेशी अजून जिवंत आहेत. छान वाढताहेत."

शिवानंदच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. नीलव्वांनी फोटो उलटा करून पाहिला, मग सरळ केला.

"जित्त्या हाईत?"

"हो."

"मग आमी माती कुनाला दिली?"

शिवानंदने तांब्या खाली ठेवला. "अप्पांना बसवून, हातात लिंग दिऊन, बेल-विभूती घालून सगळं रीतीनं केलंय आमी. आनि तुमी म्हनताय, त्येंचा तुकडा पुण्याला बाटलीत वाढतोय?"

हे घर लिंगायतांचं. त्यांच्यात अग्नी देत नाहीत. मेलेल्या माणसाला बसवतात, त्याचं लिंग त्याच्या हातात ठेवतात, आणि अख्ख्या देहाला माती देतात. गेलेला माणूस लिंगात मिळाला, पुन्हा येणं-जाणं नाही. मी आग देणाऱ्यांच्या घरातली. आमच्याकडे राख पाण्यात सोडली की कुठे काय उरलं हे कुणी विचारत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी मल्लाप्पांनी तुकड्यासाठी सही केली होती हे खरं, पण तो तुकडा त्यांच्यामागे जिवंत राहील हे त्यांना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. निदान मी तरी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी सगळं नीट सांगायचा प्रयत्न केला. कागद काढला, लाल डागासकट.

"न्हाय देत सही," शिवानंद म्हणाला. "आनून द्या आमाला. समाधीशेजारी खड्डा काढून पुरतो. पुरं हुतंय त्येंचं."

"तसं देता येत नाही. सही नसेल तर आम्हाला त्या नष्ट कराव्या लागतील."

"कशा?" हे नीलव्वांनी विचारलं.

"ब्लीचिंगचं पाणी घालून."

"आनि मग?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते जमेना. "मग मोरीत."

नीलव्वा उठल्या आणि ताटं घेऊन आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं ज्या कृतीला आम्ही वहीत एका ओळीत संपवत होतो, ती त्या घरात मोठ्याने बोलून दाखवायला किती अवघड होती.

संध्याकाळी शिवानंदने त्यांच्या अय्यांना बोलावून आणलं. घरातली सगळी धर्मकार्यं करणारे हे म्हातारे गृहस्थ, मल्लाप्पांची समाधीही त्यांनीच केलेली. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, माझ्याकडून सगळं दोनदा ऐकून घेतलं, चहा प्यायले आणि मग म्हणाले, "मानसाला समाधी कशी द्यायची ते मला माझ्या आज्यानं शिकवलं. बाटलीतल्याला कशी द्यायची ते कुनी शिकवलं न्हाय. उगंच शास्त्रात हाय म्हनून सांगू व्हय? नीलव्वा म्हनंल तसं करा."

मला अय्या फार आवडले. आमच्या बैठकांत माहीत नाही असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शेवटची गाडी निघून गेली होती. नीलव्वांनी माझं अंथरूण स्वतः घातलं, पांघरूण दोनदा झटकलं, आणि दिवा मालवून आत गेल्या.

शेतात, सोमवार

सकाळी उठले तर त्या घरात नव्हत्या. "भांगलायला गेलीया अव्वा," शिवानंदने सांगितलं. भांगलण म्हणजे खुरपणी, पिकातलं तण काढणं. "तुमी जाणार असला तर सोडतो." कालच्यापेक्षा त्याचा आवाज खाली आला होता.

शेत ओढ्याच्या कडेला. एका बाजूला तोडणीला आलेला ऊस, दुसऱ्या बाजूला उन्हाळी भुईमूग बोटभर वर आलेला. बांधाशी बेलाच्या झाडाखाली मल्लाप्पांची समाधी होती, गुडघ्याएवढा चुन्याने रंगवलेला चौथरा, त्यावर ताजी फुलं. मी चप्पल काढून हात जोडले. तीन वर्षं रोज ज्यांचं तोंड बघत होते असं म्हणता येईल, त्यांची माझी ही पहिली भेट.

नीलव्वा सरीत बसून खुरपं चालवत होत्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. पाचच मिनिटांत भुईमुगाचं एक रोप मी तण म्हणून उपटलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, परत मातीत लावलं आणि म्हणाल्या, "तुमी नुसतं बसा."

मग खुरपं न थांबवता विचारलं, "काय हुडकतासा तुमी त्येंच्यात? नेमकं सांगा. समजंल असं."

मी या वेळी घाई केली नाही. म्हटलं, "गाठीत पेशी खूप असतात. औषध दिलं की बहुतेक मरतात. गाठ लहान होते, घरच्यांना वाटतं बरं झालं. पण त्यांत थोड्याशा असतात, त्या मरत नाहीत. गप्प बसून राहतात. औषध थांबलं की त्यांच्यातूनच परत सगळी गाठ येते. त्या थोड्याशांना कसं मारायचं, ते शोधतेय मी."

"ह्येंचं तसंच झालं," नीलव्वा म्हणाल्या. "आपरेशन झाल्यावर दोन महिने बरं हुतं. मिरचीच्या बाजाराला जाऊन आलते. मग परत."

त्यांनी समोरच्या लव्हाळ्याच्या तणाला हात घातला. वरची पाती धरून ओढली, ती तुटून हातात आली. ती त्यांनी मला दाखवली आणि टाकून दिली. मग खुरपं खोल घालून माती उकरली, आणि आतून हरभऱ्याएवढी काळी गाठ काढली. ती बांधावर टाकली नाही, शेजारच्या पाटीत टाकली. पाटीत तशा पुष्कळ गाठी होत्या.

"ह्ये?" त्यांनी विचारलं.

"हे," मी म्हटलं. इतक्या वर्षांत याहून सोपं मला कुणाला सांगता आलं नव्हतं.

"ही बांधावर बी टाकत न्हाईत. तितनं बी फुटती. घरला नेऊन चुलीत घालायची." त्या पाटीकडे बघत राहिल्या. "आनि ही मी त्येंच्या शेजारी पुरू? येडी हाय का मी? हिला मारायचं कसं, त्येच हुडका तुमी."

सही मिळाल्यातच जमा होती. तेवढ्यावर गप्प बसले असते तर भागलं असतं. पण कालचा भलत्या जागी दाखवलेला आनंद अजून मला टोचत होता. म्हटलं, "नीलव्वा, एक सांगते. लव्हाळा बाहेरचा, पण त्या पेशी त्यांच्याच आहेत. त्यांच्याच अंगातून झालेल्या. परक्या नाहीत."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "लव्हाळा तरी कुठनं आला? ह्याच मातीतला की."

ओढ्यापलीकडे ऊसतोडीची माणसं एकमेकांना हाका मारत होती. मग नीलव्वांनी मला तो प्रश्न विचारला, जो आजवर मला कुणी विचारला नव्हता.

"खात्यात काय त्या?"

"पाण्यात घालतो आम्ही. मीठ असतं, थोडी जीवनसत्त्वं, आणि साखर. साखर बरीच लागते त्यांना."

"साखर?"

"हो."

"रोज?"

"दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढून ताजं घालते मी."

नीलव्वांनी पदर तोंडाशी धरला. मला आधी वाटलं हसताहेत. "शेवटच्याला पोळी मागितली त्येंनी," त्या म्हणाल्या. "शेंगपोळी. डाक्टरनी न्हाय म्हनलंतं, म्हनून मी दिली न्हाय. दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागितली न्हाय. मानूस तर जानारच हुता, मग कशाला मी पथ्य धरून बसलो? तवापास्नं मी पोळी तोंडात घातली न्हाय. आनि तितं त्येंला रोज साखर मिळत्या म्हनतासा."

त्या रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू. पेशींना चव कळत नाही, साखर हे त्यांचं नुसतं इंधन असतं, हे सगळं मला माहीत आहे आणि ते मी तिथे सांगितलं नाही.

निघताना

घरी आल्यावर त्यांनी उंबऱ्याजवळ बसून सही केली. शाळा संकेश्वरला कानडी झालेली, म्हणून सहीही कानडीत, गोल गोल अक्षरं, मन लावून काढलेली. साक्षीदार म्हणून शिवानंदने मराठीत सही केली. लाल डागावर बोट ठेवून विचारलं, "ह्ये काय?" मी सांगितलं. दोन दिवसांत तो पहिल्यांदा हसला. "मग अप्पांनीच शिक्का मारला म्हनायचा. मिरची ती त्येंचीच."

स्टँडवर नीलव्वाही आल्या. माझ्या पिशवीत शेंगपोळ्यांचा डबा, पाव किलो मिरची आणि अय्यांनी दिलेली विभूतीची पुडी. गाडी लागली, मी चढले, खिडकीशी बसले. नीलव्वा खिडकीखाली आल्या आणि गज धरून उभ्या राहिल्या.

"मारायचं तर हायच त्येला," त्या म्हणाल्या. "मरंल त्या दिवशी फोन करा. पर तवर त्येंचं गोड बंद करू नगा."

मी हो म्हटलं. कंडक्टरने घंटी दिली.

पुणे

नीतिसमितीने कानडी सहीबद्दल दोन शंका काढल्या आणि डागाबद्दल एक. तिन्हींची लेखी उत्तरं दिली, आणि के-सात कायम झाले. पोळ्या प्रयोगशाळेत एका दिवसात संपल्या.

त्यानंतर एका सकाळी सरांनी पुढच्या प्रयोगांची यादी काढली. मूळ पेशींची साखर तोडली तर त्या तगतात की मरतात, हे पाहायचं होतं. विचार चांगला होता, आणि खरं सांगायचं तर तो नेसरीला जाण्याआधी मीच मांडलेला होता. मी ती यादी घेतली आणि त्या प्रयोगापुढे के-सात खोडून, दुसऱ्या संस्थेकडून आलेल्या पेशींचं नाव लिहिलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? आपल्या के-सातवर का नाही?"

"त्यांना घरून परवानगी नाही," मी म्हटलं, आणि ताजं पाणी घालायला गेले.